सासूबाईंचं इन्शुलिन आणि रविवारचा ट्रे

वाचकाचं पत्र:

«ताई, सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापासून त्यांना इन्शुलिन सुरू आहे. ३०/७० चं, म्हणजे मिश्र इन्शुलिनचं पेन, सकाळी २२ युनिट, रात्री १४. सकाळचं मी देते. रात्रीचं कधी मी, कधी आमचे हे, तर कधी दिवसभर आईंजवळ असणाऱ्या मावशी निघायच्या आधी देतात. गेल्या आठवड्यात रात्री जेवायला बसताना "दिलं का?" असं ह्यांनी मला आणि मी ह्यांना विचारलं. आई म्हणाल्या, "दिलं बहुतेक." त्या "बहुतेक"वर आम्ही रात्र काढली. फ्रीजच्या दारात पेनमध्ये घालायच्या औषधाच्या नळ्या, म्हणजे कार्ट्रिज, तीन अर्धवट वापरलेली सापडली, कुठलं कधी उघडलं ते कुणालाच माहीत नाही. आई सुया टाकू देत नाहीत, "एकदाच वापरून कसली टाकता" म्हणत पानाच्या डब्यात जपून ठेवतात. मागच्या महिन्यात रात्री पेनचं बटण अडकलं तेव्हा शेजारच्या मुलाने घरातल्या जुन्या सिरिंजने कार्ट्रिजमधून औषध काढून दिलं. पहाटे आईंना दरदरून घाम सुटला, पण साखरपाणी दिल्यावर बरं वाटलं. आता गणपतीला सावंतवाडीला दहा दिवस जायचंय. मी माहेरी गेले तरी फोन चालूच, हे कुठंय, ते संपलं. हे सगळं एकदाचं नीट कसं लावू? – एक सून, डोंबिवली»

नमस्कार.

पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही जाता जाता, शेवटाकडे लिहिली आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करते. ती जुनी सिरिंज आज घराबाहेर गेली पाहिजे. दीड वर्षापूर्वी आधी बाटलीतलं इन्शुलिन चालू झालं असेल आणि मग पेन आलं असेल, त्या वेळची ती उरलेली असणार. लाल टोपणाची आहे का पाहा. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि लाल टोपणाच्या सिरिंजवरच्या रेघा त्या हिशेबाने आखलेल्या असतात. पेनच्या कार्ट्रिजमधलं औषध १०० चं असतं. एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. आता त्या मुलाने लाल टोपणाच्या सिरिंजने १४ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं असेल, तर आईंच्या अंगात १४ नाही, ३५ युनिट गेले. अडीच पट. पहाटेचा घाम बहुधा त्याचाच होता. मुलाने चांगल्या मनाने केलं, त्याला बोल लावू नका, पण पुढच्या तपासणीला ही हकिकत डॉक्टरांना जरूर सांगा. नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज असते हे खरं, पण घरात दोन रंगांच्या सिरिंजा आणि घाईतली रात्र असा योग मुळात येऊच देऊ नये. कार्ट्रिज फक्त पेनमध्ये. त्यातून सिरिंजने काढायचं नाही, कुणीही सांगितलं तरी नाही.

मग पेन अडकलं तर काय करायचं? दुसरं पेन घरात ठेवायचं. त्याच कंपनीचं, कारण एका कंपनीचं कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या पेनमध्ये बसेलच असं नाही. डॉक्टरांकडे किंवा मेडिकलमध्ये मागून पाहा, कधी कधी कार्ट्रिजच्या खरेदीबरोबर पेन तसंच मिळतं. आणि पुष्कळदा पेन अडकलेलं नसतंच, सुई बंद झालेली असते, विशेषतः ती तीनदा-चारदा वापरून पानाच्या डब्यातून परत आलेली असेल तर. नवी सुई लावून पाहिल्याशिवाय पेन बिघडलं असं ठरवू नका.

आता "दिलं का?" या प्रश्नाकडे येते. तुमच्या घरातली खरी अडचण हीच आहे. वही घाला, मोबाइलमध्ये गजर लावा, असं तुम्हाला दहा जणांनी सांगितलं असेल. वही मी वॉर्डात वर्षानुवर्षं भरली आहे, आणि वॉर्डात ती चालते कारण तिथे ड्युटी बदलताना पुढची सिस्टर ती वाचते. घरात इंजेक्शन दिल्यावर गॅसवर दूध असतं, दाराची बेल वाजते, आणि वहीतली टीक राहून जाते. दुसऱ्या दिवशी टीक नाही म्हणजे इंजेक्शन नाही की फक्त टीक नाही, हे कोण सांगणार? गजराचंही तसंच. तो वेळ झाल्याचं सांगतो, काम झाल्याचं सांगत नाही.

म्हणून मी अशा घरांना सुया मोजायला सांगते. आठवड्याच्या सुया किती? दिवसाला दोन, म्हणजे १४. फ्रीजरमधला बर्फाचा एक जुना ट्रे घ्या, १४ खणांचा मिळाला तर उत्तमच, जास्त खण असतील तर उरलेल्यांवर चिकटपट्टी लावा. वरच्या ओळीवर "सकाळ", खालच्या ओळीवर "रात्र", आणि आडवे वार लिहा. रविवारी सकाळी प्रत्येक खणात एक सीलबंद सुई ठेवायची. इंजेक्शन देणाऱ्याने त्या वेळच्या खणातलीच सुई उचलायची, डब्यातून नवी काढायची नाही. बुधवारच्या रात्रीचा खण रिकामा असेल तर बुधवारचं रात्रीचं झालं, भरलेला असेल तर राहिलं. मावशींना लिहिता-वाचता येत नसलं तरी ट्रे कळतो, आणि आईंना स्वतःलाही कळतो, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. "बहुतेक" म्हणायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. ट्रे मात्र फ्रीजमध्ये नाही, डायनिंग टेबलाजवळच्या उंच फळीवर, शेजारची पोरं पोचणार नाहीत अशा ठिकाणी.

अर्थात हे सगळं एक सुई एकदाच वापरली तरच जमतं. सुयांच्या वादावर थोड्या वेळाने येते.

कधीतरी ट्रे असूनही शंका येईल. सुई काढली होती, पण औषध गेलं की नाही? अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. एक डोस चुकला तर शुगर वाढते, दोनदा गेला तर ती इतकी उतरू शकते की माणूस झोपेतच बेशुद्ध होतो, आणि ७४ व्या वर्षी दुसरा धोका फार मोठा आहे. ग्लुकोमीटरवर शुगर पाहा, आकडा डॉक्टरांना फोनवर सांगा, ते म्हणतील तसं करा. झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा पुन्हा तपासा. असं झालं तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच एका कागदावर लिहून घेतलंत तर रात्री अकराला फोन करायचीही वेळ येणार नाही.

त्याच फळीवर एक छोटी बरणी साखरेची ठेवा, तिच्यात चमचा. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलणं भरकटणं, अकारण चिडचिड, यातलं काहीही दिसलं की शक्य असेल तर शुगर पाहा, मीटर हाताशी नसेल तर वाट न पाहता तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर. बरं वाटल्यावर पोळी-भाजी असं काही खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. ही बरणी "सामाना"त कुणी मोजत नाही, म्हणून नेमकी तीच रिकामी सापडते.

कार्ट्रिजचा हिशेब मी तुमच्या आकड्यांनी करून पाहिला. सकाळी २२ आणि रात्री १४, दिवसाला ३६. पण प्रत्येक वेळी सुई लावल्यावर हवा काढायला २ युनिट बाहेर सोडायचे असतात, सुईच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत. सोडत नसाल तर आजपासून सोडा, कारण सुई बंद आहे की उघडी हे त्याशिवाय कळत नाही. ते ४ धरले की दिवसाला ४०. कार्ट्रिजमध्ये ३ मिलिलिटर, म्हणजे ३०० युनिट असतात. सात दिवसांचे २८० झाले, उरले २०. आठव्या दिवशी सकाळी लागणार २४. म्हणजे दर आठवड्याला एक सकाळ अशी येणार की थोडं जुन्यातलं, थोडं नव्यातलं, दोनदा टोचणं, आणि बेरीज-वजाबाकीत चूक व्हायला वाव.

माझं मत स्पष्ट आहे: ते २० युनिट सोडून द्या. दर रविवारी सकाळी नवं कार्ट्रिज घाला, मागचं काढून टाका. पंधरावा भाग वाया जातो, आईंना रुचणार नाही, पण त्यातून घरात एक शिस्त आपोआप येते. रविवारी ट्रे भरायचा, रविवारीच कार्ट्रिज बदलायचं, पेनवर कागदी चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख टाकायची. पाच कार्ट्रिजचं खोकं म्हणजे बरोबर पाच आठवडे. कितवं चालू आहे यासाठी कुणाची आठवण लागत नाही. डोस बदलला की हा हिशेब नव्याने मांडा. हवा काढण्याचे धरून दिवसाला ४२ च्या वर गेलात तर एक कार्ट्रिज आठवडाभर पुरणार नाही. उलट ज्यांचा डोस लहान आहे त्यांचं कार्ट्रिज महिनाभर संपतच नाही. त्यांनी पेनमधलं इन्शुलिन उरलेलं असलं तरी माहितीपत्रकात दिलेल्या मुदतीला टाकायचं. बहुतेकांची ही मुदत उघडल्यापासून २८ दिवसांची असते, काहींची थोडी वेगळी. सगळ्यांची एक नाही.

फ्रीजच्या दारातली ती तीन अर्धवट कार्ट्रिज टाकून द्या. तारीख माहीत नसलेलं उघडं इन्शुलिन वापरायचं नाही. घरात उघडं एकच असणार, ते पेनमध्ये, आणि पेन फ्रीजबाहेर.

न उघडलेली कार्ट्रिज फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत. एका झाकणाच्या डब्यात घालून मधल्या किंवा खालच्या कप्प्यात ठेवा. एका दाराचा फ्रीज असेल तर वर बर्फाच्या कप्प्याखाली लागूनच जो ट्रे असतो, तिथे अजिबात नको, मागच्या भिंतीला टेकूनही नको. तिथे इन्शुलिन गोठतं. गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर नेहमीसारखंच दिसू शकतं, पण कामाचं राहिलेलं नसतं. शंका आली तरी टाका. वीज गेली म्हणून मात्र घाबरू नका. फ्रीजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा काही तास टिकतो, आणि न उघडलेलं कार्ट्रिज चार-सहा तास घरातल्या साध्या हवेत राहिलं म्हणून ते मेलं असं होत नाही.

उन्हाळ्याचं एक वेगळं सांगते. पेन ३० अंशांच्या आत ठेवायचं असतं आणि एप्रिल-मेमध्ये डोंबिवलीतलं घर त्याच्या वर जातं. मातीच्या मडक्यात पेनचा डबा ठेवून बाहेरून ओलं फडकं गुंडाळणं ही विदर्भ-मराठवाड्यात उत्तम चालणारी युक्ती आहे, कारण तिथली हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि आत गार होतं. तुमच्याकडे हवाच दमट, पाणी उडत नाही, त्यामुळे मडक्यावर फार भरवसा नको. घरातली सगळ्यात सावलीची, गॅस आणि खिडकीपासून लांबची जागा शोधा आणि वापरात असलेलं पेन उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल का हे आपल्या इन्शुलिनच्या माहितीपत्रकात पाहून डॉक्टरांना विचारा. काहींना चालतं, काहींना कंपनी नको म्हणते. ठेवलंच तर सुई काढून ठेवायचं. सुई लावून ठेवलेल्या पेनमध्ये हवा शिरते, औषध गळतं.

३०/७० दुधी दिसतं, ते नीट मिसळलेलं असावं लागतं. तळव्यांत दहा वेळा फिरवा, मग दहा वेळा वर-खाली करा, जोरात हलवू नका. एकसारखं दुधी झालं नाही, गुठळ्या राहिल्या, काचेला कण चिकटलेले दिसले, तर ते कार्ट्रिज गेलं. मावशींना हे एकदा समोर बसून दाखवा. टोचल्यावर बटण दाबून धरून दहा अंक मोजायचे आणि मगच सुई बाहेर, हेही.

"संपलं" हा फोन बंद कसा करायचा? शेवटच्या दोन कार्ट्रिजना मिळून एक रबरबँड लावा आणि त्यात एक चिठ्ठी अडकवा: औषधाचं पूर्ण नाव, ३०/७०, मेडिकलचा फोन नंबर. रबरबँड काढायची वेळ आली की त्याच दिवशी फोन करायचा, कोण काढतोय याच्याशी संबंध नाही. घरात तेव्हा अजून दोन आठवड्यांचं औषध असतं आणि मेडिकलवाल्याला मागवायला दोन-तीन दिवस लागले तरी फरक पडत नाही. सुयांचंही असंच. शेवटच्या २८ सुया, म्हणजे दोन रविवारच्या, वेगळ्या पिशवीत बांधा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची एक न उघडलेली डबी मागे असू द्या, आणि उघडलेल्या डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात ओलाव्याने पट्ट्या चुकीचा आकडा दाखवतात. डबी उघडल्यावर किती महिन्यांत वापरायची ते तिच्यावर छापलेलं असतं. मीटरचा चपटा गोल सेल एक जास्तीचा. स्पिरिट आणि कापसाचा साठा करू नका, स्वच्छ धुतलेल्या त्वचेला त्याची गरज बहुधा नसते, आणि लावलंच तर पूर्ण वाळू द्यायचं. दोन महिन्यांपेक्षा जास्त इन्शुलिनही भरून ठेवू नका. डोस बदलतात, औषधं बदलतात, मग खोकीच्या खोकी पडून राहतात.

मेडिकलवाला कधी म्हणेल, "हे नाही, दुसऱ्या कंपनीचं देतो, सेमच आहे." घेऊ नका. ३०/७०, २५/७५, ५०/५० ही वेगवेगळी मिश्रणं आहेत, आणि ३०/७० मध्येही एक प्रकार जेवणाआधी अर्धा तास घ्यायचा असतो, तर दुसरा पान वाढल्यावर. खोक्याचा फोटो घरातल्या तिघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या, आणि बदल करायचाच तर डॉक्टरांना विचारून.

सुया आणि पानाचा डबा. आईंची पिढी सेलोफेनचा कागदही घडी घालून ठेवणारी, त्यांना "फेकून द्या" हे ऐकवत नाही, मला समजतं. म्हणून स्वच्छतेचं व्याख्यान देऊ नका. त्यांच्या पोटावर हात फिरवून पाहा, त्यांनाही पाहू द्या. पुन्हा पुन्हा त्याच जागी, बोथट सुईने टोचलं की कातडीखाली गाठी येतात, मऊ किंवा रबरासारख्या. गाठीत टोचलेलं दुखत नाही, म्हणून आपोआप हात तिथेच जातो, आणि तिथून इन्शुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. "डोस तोच, मग शुगर इतकी वर-खाली कशी?" याचं उत्तर अनेकदा तिथेच असतं. गाठ सापडली तर ती जागा सोडायची. पण सावध: गाठीतून चांगल्या जागी गेल्यावर तेवढाच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर उतरू शकते. जागा बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करायचा का ते ठरवतील, आणि पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासा. पुढे साधं ठेवा: एक आठवडा पोटाची उजवी बाजू, पुढचा आठवडा डावी, बेंबी सोडून, दोन टोचण्यांमध्ये बोटभर अंतर. रविवारी ट्रेवर "उजवी" किंवा "डावी" अशी चिठ्ठी लावायची. ४ मिलिमीटरची सुई जवळजवळ सगळ्यांना पुरते, त्यापेक्षा लांब वापरत असाल तर डॉक्टरांना विचारा, आईंची नाराजी कदाचित दुखण्यामुळेही असेल. पैशांचा प्रश्न असेल तर तोही डॉक्टरांसमोर मांडा, लपवून सुया पुरवून वापरण्यापेक्षा ते बरं. आणि हो, गणपतीत पाहुणे येतील, कुणाचं पेन विसरलेलं असेल. पेन दुसऱ्याला द्यायचं नाही, सुई नवी लावली तरी नाही. रक्ताचा अंश कार्ट्रिजमध्ये मागे येऊ शकतो.

वापरलेली सुई कुठे? फरशीच्या द्रवाची किंवा कपड्यांच्या कंडिशनरची जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार येते. ट्रेच्या शेजारी ती बाटली, त्यात टोचून झालेली सुई ताबडतोब. मावशी दुसऱ्याला टोचतात, म्हणजे त्यांच्या बोटाला सुई लागण्याचा धोका तुमच्यापेक्षा जास्त. त्यांना सांगा, बाहेरचं मोठं टोपण टेबलावर उभं ठेवून एका हाताने सुई त्यात घालायची, दुसऱ्या हाताने टोपण धरायचं नाही. चुकून लागलीच तर साबण-पाण्याने वाहत्या नळाखाली धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. बाटली पाऊण भरली की झाकण लावून चिकटपट्टी गुंडाळा, "वापरलेल्या सुया" असं ठळक लिहा. घरातल्या सुया-सिरिंजा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या वेगळ्याच द्यायच्या. तुमच्या पालिकेचं वेगळं संकलन आहे का विचारा, नसेल तर तपासणीला जाता त्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये बाटली घेतात का पाहा. कचरा हाताने निवडणारी बाई हातमोजे घालूनच काम करत असेल असं धरून चालू नका.

आई संकष्टी करत असतील असं मी गृहीत धरते, नसल्यास हा परिच्छेद सोडा. चंद्रोदय कधी नऊला, कधी त्याहून उशिरा. रात्रीचं इंजेक्शन नेहमीच्या साडेसातला दिलं आणि आई चंद्राची वाट पाहत उपाशी बसल्या, तर बसल्या जागी त्यांची शुगर उतरेल. इंजेक्शन घड्याळाला नाही, जेवणाला बांधलेलं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर संकष्टी आणि एकादशा आधीच दिसतात, त्या चौकटींना लाल गोल करा आणि उपासाच्या दिवशी डोस किती, केव्हा, की उपास नकोच, हे डॉक्टरांकडून महिन्याच्या सुरुवातीला विचारून घ्या. स्वतःच्या अंदाजाने अर्धा डोस वगैरे नको.

हाच घोळ सावंतवाडीलाही होणार आहे. आरत्या लांबतात, मोदक तळहातावर येतात पण पानं दहाला बसतात. तिथे नियम एकच: आईंचं पान वाढल्याचं दिसल्यावर पेन काढायचं. तुमचं ३०/७० जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या प्रकारातलं असेल तर आईंचं पान आरतीच्या आधी वेगळं वाढून घ्या, देवालाही चालतं. सामानाचं म्हणाल तर दहा दिवसांना ४०० युनिट, म्हणजे दोन कार्ट्रिज लागतील, चार न्या. सुया ३०, दुसरं पेन, मीटर आणि पट्ट्या, साखरेची बरणी, डॉक्टरांची चिठ्ठी. हे सगळं एका बॅगेत नको. निम्मं तुमच्या पर्समध्ये, निम्मं ह्यांच्या खांदापिशवीत, कारण दिवा–सावंतवाडी गाडीत वरच्या फळीवर गेलेली बॅग उतरेपर्यंत हाती लागत नाही. गाडीने रस्त्याने जात असाल तर इन्शुलिन डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि महामार्गावर गणपतीच्या गर्दीत अडकाल हे धरून आईंचं जेवण बरोबर असू द्या. बर्फाची पिशवी लावायची असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून, कार्ट्रिजला बर्फ थेट टेकवायचा नाही. तिथे पोचल्यावर फ्रीजमध्ये ठेवायच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: "औषध आहे, फ्रीजरमध्ये ठेवू नका." मोदकांच्या सारणासाठी जागा करताना कुणी काकू तो डबा प्रेमाने वर सरकवतील.

आता तुमच्या फोनचं. ट्रे, रबरबँड, बाटली, सगळं तुम्हीच केलंत तर फोन थांबणार नाहीत, फक्त हिशेब अधिक नीटनेटका होईल. रविवारचा ट्रे ह्यांनी भरायचा. सकाळी चहा झाल्यावर १४ सुया, नवं कार्ट्रिज, तारीख, उजवी-डावी, फ्रीजमधली मोजणी, दहा मिनिटांचं काम आहे आणि इन्शुलिन त्यांच्या आईचं आहे. पहिले दोन रविवार शेजारी उभ्या राहा, तिसऱ्यापासून नको. भरून झाल्यावर चौदाही खण त्यांनीच एकदा मोजायचे, कारण भरायचा राहिलेला खण "दिलं" असंच सांगेल.